ड्रॅगन चालतो, मग तोड्याची बंदूक का नाही?

मंडळी, फँटसी गेम्समधला हा वाद काही संपत नाही. ड्रॅगन चालतो, आगीचे गोळे फेकणारा जादूगार चालतो, पण कोणी साधी तोड्याची बंदूक आणली की "सगळा मूड गेला राव!" म्हणे, बंदूक आली की तलवार संपली.

खरंच संपली का? दख्खनचंच बघा. मलिक-ए-मैदान ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली. तिचं तोंड म्हणजे जबड्यात हत्ती धरलेला सिंह! याहून फँटसी ती काय?

आता आमचा जालना जिल्हा. केळणा आणि जुई नद्यांमधलं असई, २३ सप्टेंबर १८०३. शिंदे-भोसल्यांच्या बाजूला शंभराच्या आसपास तोफा, समोर वेलस्ली. शिंद्यांचे काही गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून मागून त्यांच्यावरच तोफा डागू लागले. आणि इंग्रजांचं घोडदळ? तलवारी उपसूनच तुटून पडलं. म्हणजे अडीचशे वर्षांनंतरही तलवार होतीच!

कारण सोपं आहे. तोड्याच्या बंदुकीत दारू ओता, गोळी ठासा, तोडा पेटता ठेवा. तेवढ्यात भालेवाला अंगावर येतो, आणि पाऊस आला तर विषयच संपला. गेमच्या भाषेत, डॅमेज भरपूर पण रीलोड भयंकर. बॅलन्सिंग इतिहासानेच करून ठेवलंय.

तेव्हा माझं मत: बंदूक हवी, पण पेटत्या तोड्यासकट आणि पावसासकट. झटपट रीलोड दिलात, तर मात्र मूड जाणारच.