शाळा स्वतःचीच परीक्षा घेते तेव्हा

ठरलेल्या मानकांच्या आधारे संस्थेने आपले काम स्वतः तपासणे, उणिवा नोंदविणे आणि त्यांवरून पुढील नियोजन आखणे, या प्रक्रियेस स्वयंमूल्यमापन म्हणतात. भारतीय उच्च शिक्षणात ती १९९४ मध्ये स्थापन झालेल्या 'नॅक'मुळे रुळली. शाळांपर्यंत ती पोहोचली 'शाळासिद्धी'च्या रूपाने. राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन विद्यापीठाने २०१५ मध्ये आणलेल्या या आराखड्यात ७ क्षेत्रे आणि ४६ मानके होती. प्रत्येक मानकासाठी शाळेने स्वतःला ३ पैकी एका स्तरावर ठेवायचे आणि सुधारणेचा प्राधान्यक्रम ठरवायचा, अशी त्याची रचना. महाराष्ट्रात २०२४-२५ मध्ये 'स्क्वाफ' हा नवा आराखडा आला. तत्त्व मात्र तेच राहिले.

जुन्या पुणे-मुंबई महामार्गावरील सोमाटण्यासारख्या गावात या तत्त्वाची कसोटी लागते. तळेगावच्या औद्योगिक पट्ट्यामुळे अशा गावांत कामगारांची कुटुंबे येतात आणि जातातही. मुले वर्षाच्या मध्यावर दाखल होतात. काहींची घरची भाषा मराठी नसते. वर्गखोल्या मोजून हे समजत नाही. शाळासिद्धीने संसाधनांविषयी दोन वेगळे प्रश्न विचारले होते : वस्तू पुरेशी आहे का, आणि तिचा दर्जा व उपयुक्तता काय? पुस्तके आहेत, पण कपाटाला कुलूप. स्वच्छतागृह बांधले, पण नळ कोरडा. असा प्रकार पहिल्या प्रश्नातून निसटतो, दुसऱ्यात सापडतो. त्यासाठी उत्तर एकट्या मुख्याध्यापकांनी संगणकासमोर बसून भरता कामा नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि नळाला पाणी येते की नाही, हे त्यांना मुलांकडून आधीच कळलेले असते!

खरी अडचण श्रेणीमुळे येते. महाविद्यालयांचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. नॅकच्या श्रेणीला प्रतिष्ठा व निधी जोडला गेला, तसा स्वयं-अध्ययन अहवाल आत्मपरीक्षणाऐवजी जाहिरातीसारखा लिहिला जाऊ लागला. परिषदेच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष, पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन यांनी २०२३ मध्ये मूल्यांकनातील गैरप्रकारांविषयी शंका उपस्थित करून पद सोडले.

सर्वांत खालचा स्तर लिहिणाऱ्या शाळेला नोटीस मिळणार असेल, तर कोणतेही मुख्याध्यापक तो लिहिणार नाहीत. ती नोंद म्हणजे प्रशिक्षणाची किंवा दुरुस्तीची मागणी आहे, असे वडगाव येथील तालुक्याच्या शिक्षण विभागाने मानले, तरच ती खरी लिहिली जाईल.