नोकरीचा हंगाम आणि महाविद्यालयाचे वर्ष

महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाच्या इतिहासात शुल्क, जाती व लिंगभेद या अडसरांची चर्चा पुष्कळ झाली आहे; वेळ या अडसराची त्या मानाने थोडी. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यास वेळेची अडचण दुहेरी असते. एक दिवसाच्या घड्याळाची, दुसरी वर्षाच्या हंगामाची. पहिलीचा विचार शिक्षणसंस्थांनी केला. दुसरीचा भार बहुतांशी विद्यार्थ्यावरच राहिला.

दिवसाच्या घड्याळाचा विचार विद्यापीठाहूनही जुना आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. तत्पूर्वी दोन वर्षे, १८५५ साली, जोतीराव फुले यांनी पुण्यात श्रमजीवी स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली होती. दिवस मालकाचा असल्यास शिक्षणाने रात्रीकडे जावे, हे त्यामागील तत्त्व होय. महाविद्यालयीन पातळीवर त्याचा ठळक आविष्कार मुंबईत झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली व २० जून १९४६ रोजी तिचे सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. तेथील वर्ग सकाळी भरत. सकाळी व्याख्यान ऐकून विद्यार्थ्याने कचेरी गाठावी व आपल्या पगारावर शिक्षण पुरे करावे, अशी ही योजना होती. ज्यांच्या घरी शिकणाऱ्या मुलाच्या मिळकतीवाचून चूल पेटणे कठीण, त्यांना पदवीचा मार्ग यामुळे खुला झाला.

परंतु वर्षाचा हंगाम वेळापत्रकाने हलत नव्हता. खरीप पिके बाजारात येऊ लागली की पैशाची मागणी वाढे. म्हणून रिझर्व्ह बँकेच्या पतव्यवहारात नोव्हेंबर ते एप्रिल हा भर हंगाम व मे ते ऑक्टोबर हा मंद हंगाम मानण्याची पद्धती दीर्घकाळ रूढ होती. कापसाच्या पेढ्या, विमा कचेऱ्या व बँका यांतील कामाचा ताण याच चक्राने वाढे व उतरे. सरकारी कचेऱ्यांचे आर्थिक वर्ष १८६७ पासून ३१ मार्चला संपते; तेथेही वर्षअखेरीची धांदल याच सुमारास. विद्यापीठाच्या वार्षिक परीक्षा मार्च-एप्रिलात होत. म्हणजे पुस्तक मिटू नये अशा दिवसांतच खतावणी उघडी ठेवावी लागे, आणि हाताशी थोडा अवकाश असे त्या मे महिन्यात महाविद्यालयास सुटी असे. सकाळच्या वर्गामुळे सत्र भरता येई. परीक्षेपूर्वीची रजा मात्र वरिष्ठाच्या मर्जीवरच अवलंबून राही.

याच सुमारास साताऱ्यात वेगळा मार्ग चोखाळला गेला. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने १९४७ साली तेथे छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले व 'कमवा व शिका' हे तत्त्व महाविद्यालयीन शिक्षणास लावले. येथे काम देणारी व शिकविणारी संस्था एकच. परीक्षा जवळ आली असता श्रमाचे तास कमी करणे तिच्या हाती होते. मुंबईच्या महाविद्यालयाला ही सत्ता नव्हती. उलट, साताऱ्याच्या योजनेत विद्यार्थ्यापुरती सोय होती. मुंबईच्या नोकरीवर अनेकदा सारे कुटुंब उभे असे. म्हणून या दोन प्रयोगांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविण्यापेक्षा काळावर कोणाची सत्ता होती, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

पुढे १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले व रोजच्या हजेरीचे बंधन आणखी सैल झाले. तरीही परीक्षेची तारीख विद्यापीठाने व रजेची तारीख मालकाने ठरवावी, ही जुनी विभागणी त्यामुळे आपोआप नाहीशी होत नाही. शिक्षण सर्वांना खुले झाले काय, याचा निर्णय केवळ प्रवेशाच्या नोंदवहीवरून करणे अपुरे आहे. प्रवेश घेतलेला विद्यार्थी भर हंगामात परीक्षेच्या बाकावर येऊन बसू शकला काय, हेही इतिहासकाराने विचारले पाहिजे.