फुलाचे छायाचित्र आणि दुसऱ्याचा डोळा

सॅम्युएल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६३ साली हिंदुस्थानात आला. पुढील काही वर्षांत त्याने वाराणसीच्या घाटांची जी छायाचित्रे घेतली, ती आजही पाहणाऱ्यास थक्क करतात. पायऱ्यांच्या कडा, देवळांची शिखरे, घाटांवरील वाड्यांच्या भिंती, सारे काही त्यांत रेखीवपणे उतरले आहे. परंतु काशीच्या यात्रेकरूच्या नजरेत भरणाऱ्या झेंडूच्या पिवळ्या रंगाला मात्र या चित्रांत थारा नाही. हा दोष बोर्नच्या नजरेचा नव्हता. तो काचेवरील रसायनाचा होता. त्या काळच्या काचेला निळा व जांभळा प्रकाश तेवढा जाणवे; पिवळा आणि तांबडा तिच्या लेखी अंधारासारखेच. म्हणून झेंडू काळवंडून उमटे आणि निळी गोकर्ण पांढुरकी दिसे.

फुलाचे चित्र काढणे हे त्या दिवसांत असे अवघड होते. काचेवर द्रव चढवून ती ओली आहे तोवरच सर्व काम उरकावयाचे. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली की पाकळ्यांचा नुसता धूर उरावयाचा. इंग्लंडात टॅलबटने पाने व फुले संस्कारित कागदावर ठेवून उन्हात त्यांचे ठसे घेतले होते. अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या विदुषीने १८४३ पासून समुद्रशैवालांचे निळे ठसे काढून त्यांचा ग्रंथ केला. पण ठशात आकृती येते, फुलाचा जिवंतपणा येत नाही.

या नव्या विद्येची हौस मुंबईत फार लवकर रुजली. १८५४ साली तेथे छायाचित्रण संस्था स्थापन झाली. हिंदुस्थानातील ही अशी पहिली संस्था होय. तिच्या सभासदांत साहेबलोक होते, तसे डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही होते. भाऊ दाजी हे वैद्यकाचे जाणकार आणि औषधी वनस्पतींचे साक्षेपी अभ्यासक. महारोगावर उपाय शोधताना त्यांनी वनस्पतींचाच आधार घेतला होता. वनस्पती आणि छायाचित्रण या दोन्हींची आवड एकाच गृहस्थाच्या ठायी एकत्र यावी, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

या संस्थेच्या सभांत सभासद आपापली चित्रे मांडीत आणि त्यांवर चर्चा होई. संस्थेने स्वतःचे नियतकालिकही काढले. पुढे १८५६ पासून जॉन्सन आणि हेंडरसन यांनी हौशी छायाचित्रकारांच्या नावाने एक चित्रसंग्रह दरमहा प्रसिद्ध केला. हौशी माणसाने आपले काम घरच्या पेटीत न ठेवता चारचौघांपुढे ठेवावे, ही रीत येथे पडली.

या रीतीचे मोल काय? फुलाचे चित्र काढणारा आपल्या चित्राकडे कधीच कोऱ्या नजरेने पाहू शकत नाही. पहाटेचा गारवा, फुलाचा वास, ते सापडल्याचा आनंद, हे सारे तो नकळत चित्रात भरतो. दुसऱ्याला मात्र कागदावर जेवढे आहे तेवढेच दिसते. मागची काटकी फुलाला छेदून गेली आहे, उन्हाने पाकळ्यांच्या शिरा पुसल्या आहेत, हे तोच सांगू शकतो. असा टीकाकार हौशी माणसाचा वैरी नव्हे; तो त्याचा उसना डोळा होय.

रसायनातील उणीव हळूहळू दूर झाली. १८७३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ फोगेल याने रंगद्रव्याच्या साहाय्याने काचेला हिरव्या-पिवळ्या प्रकाशाची जाणीव दिली. १९०७ मध्ये ल्युमिएर बंधूंच्या रंगीत काचा बाजारात आल्या आणि १९३५ मध्ये कोडाक्रोम फिल्म आली. त्याच फिल्मवर काम करणाऱ्या रघुवीर सिंह यांचा वाराणसीवरील चित्रग्रंथ १९८७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा बोर्नच्या काचेने नाकारलेले काशीचे रंग त्यात मानाने विराजमान झाले. परंतु रंग सोपा झाला, तशी स्तुतीही स्वस्त झाली. रंगीत फूल कोणालाही आवडते. म्हणून परखड टीकेची गरज कमी न होता वाढलीच.

सह्याद्रीत याचा पडताळा येतो. व्यवसायाने अभियंता असलेल्या श्रीकांत इंगळहळीकर यांचा सह्याद्रीतील फुलांवरील सचित्र ग्रंथ २००१ साली निघाला आणि हौशी माणसाचे काम अभ्यासकाच्याही उपयोगी पडते हे दिसून आले. मात्र त्यासाठी चित्राला वनस्पतिशास्त्रज्ञाच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. कवल्याच्या अनेक जाती समोरून जवळजवळ सारख्याच पिवळ्या दिसतात. त्यांचा भेद कळतो तो पाकळ्यांमागील पुष्पकोशाच्या शिरांवरून आणि केसांवरून. केवळ समोरून घेतलेले मोहक चित्र येथे मुके ठरते. पाने कोठे आहेत, फूल केवढे, स्थळ व दिवस कोणता, हे विचारणारा जाणकार भेटला की पुढच्या खेपेस तोच हौशी माणूस गुडघे टेकून फुलाची मागची बाजूही टिपतो. दुर्मिळ फुलाची अशी नोंद ते न खुडता होते, हा तिचा मोठाच लाभ.

परंतु गुडघे टेकावयाचे कोठे, हाही प्रश्न आता टीकेत आला पाहिजे. साताऱ्याजवळील कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले. पुढे गर्दी एवढी वाढली की दररोजच्या प्रवेशावर मर्यादा घालावी लागली. तेथे कातळावर मातीचा थर बोटभर असतो आणि एका फुलाच्या चित्रापायी दहा रोपे पायाखाली जाऊ शकतात. मुंबईच्या पहिल्या मंडळींनी चित्र कसे उतरले एवढेच विचारले असेल. आजच्या पारख्याने ते कोणत्या किमतीला मिळाले, हेही विचारावे. ज्या चित्रासाठी बहर तुडवला गेला, ते कितीही देखणे असले तरी त्याला चांगले म्हणू नये.