छिन्नमनस्कांची शुश्रूषा : एक मागोवा

स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी २४ एप्रिल १९०८ रोजी बर्लिन येथील एका सभेत ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द प्रथम उच्चारला. त्यापूर्वी जर्मनीतील एमिल क्रेपेलिन यांनी या विकाराला ‘अकाली बुद्धिभ्रंश’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले होते. ऐन तारुण्यात जडणारा हा रोग माणसाला उत्तरोत्तर निकामीच करतो, असे त्यांचे मत होते. ब्लॉयलर यांना ते पटले नाही. ऱ्हाइनाऊ येथे एका जुन्या बेनेडिक्टाइन मठात थाटलेल्या रुग्णालयात ते १८८६ पासून बारा वर्षे रुग्णांच्या सहवासात राहिले होते. त्यांच्याबरोबर काम करता करता, त्यांची बोलीभाषा बोलता बोलता त्यांना दिसून आले, की सगळेच काही खालावत जात नाहीत, कित्येक सावरतात. मराठीत आपण या विकाराला छिन्नमनस्कता म्हणतो. एका देहात दोन माणसे वसतात असा त्याचा अर्थ काहीजण लावतात, तो चुकीचा आहे. विचार, भावना आणि वास्तव यांना जोडणारा धागा येथे तुटतो. नसलेले आवाज ऐकू येतात, आप्तस्वकीयांविषयी संशय बळावतो आणि पुढे पुढे माणूस अंघोळ, जेवण, बोलणे यांतूनही मन काढून घेतो.

हा मागोवा घेण्यास आम्ही प्रवृत्त झालो त्याला कारण आहे. आमच्यासारख्या धर्मगुरूंकडे अशा रुग्णांची कुटुंबे बहुधा डॉक्टरांच्याही आधी येतात. “फादर, मुलाला कोणी काही केले असेल का?” हा प्रश्न आम्हांस नवा नाही. त्याहून चिंतेची गोष्ट अशी, की औषधाने मुलगा सावरतो, झोपू लागतो, कामावर जाऊ लागतो. मग घरचीच कोणी मंडळी त्याला एखाद्या प्रार्थनामेळाव्यास नेतात आणि आता गोळ्यांची गरज उरली नाही असे ठरवतात. गोळी टाकून देणे ही श्रद्धेची खूण मानली जाते. खुद्द ख्रिस्तसभेचा इतिहास या समजुतीला आधार देतो का, हे पाहावे असे आम्हांस वाटले.

प्रारंभ व्हॅलेन्सियापासून करावा लागेल. २४ फेब्रुवारी १४०९ रोजी मर्सिडेरियन संघाचे फादर होआन जिलाबेर्ट जोफ्रे प्रवचनासाठी कॅथेड्रलकडे निघाले असताना रस्त्यात काही पोरे एका वेड्याला मारीत व चिडवीत असलेली त्यांनी पाहिली. त्यांनी ठरवलेले प्रवचन बाजूला ठेवले आणि अशा निराधारांसाठी घर उभारण्याचे आवाहन केले. शहरातील व्यापाऱ्यांनी ते उचलून धरले आणि १४१० साली रुग्णालय स्थापन झाले. मोठ्या धर्मवचनांपेक्षा रस्त्यातली एक मारहाण अधिक परिणामकारक ठरावी, यात आम्हां प्रवचनकारांसाठी घेण्यासारखे पुष्कळ आहे.

ग्रॅनाडा येथील हकीकत याहून बोचरी आहे. पुस्तके विकून पोट भरणारा योहान नावाचा एक पोर्तुगीज गृहस्थ आव्हिलाच्या संत योहानांचे प्रवचन ऐकून इतका हेलावला, की रस्त्यात आक्रोश करीत स्वतःला मारून घेऊ लागला. लोकांनी त्याला वेडा ठरवून राजेशाही रुग्णालयात कोंडले. तेथील उपचार म्हणजे बांधून फटके देणे. बाहेर पडल्यावर त्याने स्वतःच रुग्णांसाठी घर उघडले. हेच देवाचे संत योहान. ८ मार्च १५५० रोजी ते निवर्तले आणि पोप अकरावे पायस यांनी १९३० साली त्यांना परिचारिकांचे आश्रयदाते घोषित केले. परिचारिकांचा हा आश्रयदाता स्वतः मनोरुग्ण म्हणून फटके खाऊन आलेला होता, हे आपल्या प्रवचनांत क्वचितच सांगितले जाते.

बेल्जममधील गील या गावाची कहाणी मात्र सविस्तर सांगितली पाहिजे. संत डिम्फ्ना ही आयरिश राजकन्या. पत्नीवियोगाने भ्रमिष्ट झालेल्या पित्यापासून ती आपल्या वृद्ध धर्मगुरूसह पळाली आणि गील येथे पित्याच्याच हातून मारली गेली, अशी तेराव्या शतकात लिहिली गेलेली आख्यायिका आहे. तिच्या समाधीपाशी वेडाने ग्रासलेल्यांना नऊ दिवसांच्या प्रार्थनेसाठी आणू लागले. चर्चला लागून त्यांच्यासाठी खोली होती. आता खरी गोष्ट पुढेच आहे. नऊ दिवस सरत आणि बरेचसे रुग्ण जसेच्या तसे असत. त्यांना हाकलून देण्याऐवजी गावकऱ्यांनी घरी ठेवून घेतले. शेतावर नेले, ताटावर बसवले, मुलांना त्यांच्या अंगाखांद्यावर खेळू दिले. चमत्कार घडला नाही तेथून गीलची शुश्रूषा सुरू झाली, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बेल्जमच्या शासनाने या व्यवस्थेवर वैद्यकीय देखरेख आणली. १९३८ साली गावातील घरांत ३,७३६ रुग्ण राहत होते. आज ती संख्या काही शेकड्यांवरही नाही, परंतु प्रथा टिकून आहे. यजमान कुटुंबास रोगाचे नाव सांगत नाहीत, ‘पाहुणा’ कसा आहे एवढे ते पाहतात आणि रुग्णालयाचे परिचारक घरी येऊन औषधपाण्याची विचारपूस करतात. २०२३ साली युनेस्कोने या परंपरेची नोंद घेतली. संतांच्या समाधीशेजारी डॉक्टरांचे औषध सुखेनैव नांदते, हे येथे दिसते.

पॅरिसमधील साखळ्या फिलिप पिनेल यांनी तोडल्या असे पाठ्यपुस्तके सांगतात; चित्रकारांनीही त्यांनाच मध्यभागी उभे केले. वस्तुतः बिसेत्र रुग्णालयात त्या काढल्या १७९७ साली, पिनेल तेथून बदलून गेल्यावर, झां-बाप्तिस्त प्युसें या वॉर्डप्रमुखाने. प्युसें कातडी कमावणारा कारागीर. गंडमाळेचा रुग्ण म्हणून रुग्णालयात आला आणि बरा होऊन तेथेच नोकरीस राहिला. सेवकांनी रुग्णास मारता कामा नये, असा त्याचा दंडक होता. बरे झालेल्या रुग्णांनाच तो सेवक नेमीत असे. पिनेल यांनी त्याचे ऋण मान्य केले. पण इतिहासाला डॉक्टरांची नावे आठवतात, परिचारकांची नाही.

विसाव्या शतकात उपचारांची झुंबड उडाली. त्यांत इन्सुलिनची कथा बोलकी आहे. १९३३ पासून मानफ्रेड झाकेल यांच्या पद्धतीने छिन्नमनस्क रुग्णांस इन्सुलिन टोचून बेशुद्ध करीत आणि साखर देऊन शुद्धीवर आणीत. हे आठवड्यांमागून आठवडे चाले. वेगळा कक्ष, निवडक परिचारिका, क्षणोक्षणी नाडी पाहणे, घाम पुसणे, शुद्धीवर येताना हात धरून बसणे, असा सारा थाट. पुष्कळ रुग्ण सुधारले. १९५७ साली लंडनच्या डॉक्टरांनी तुलना करून पाहिली : काहींना इन्सुलिनने, काहींना नुसत्या झोपेच्या औषधाने बेशुद्ध केले, बाकीची निगा मात्र सर्वांची सारखीच ठेवली. दोन्ही गट सारखेच निघाले. इन्सुलिनचा गुण इन्सुलिनचा नव्हताच. जे काही गुण आले, त्यांत त्या हात धरून बसणाऱ्या परिचारिकांचा वाटा किती, हे कोणी मोजले नाही. आमच्या मते तो मोठा असावा.

खरे औषध त्याआधीच हाती आले होते. फ्रान्समध्ये पॉल शार्पांतिये यांनी डिसेंबर १९५० मध्ये क्लोरप्रोमाझिन बनवले. शस्त्रक्रियेपूर्वी ते दिल्यास रुग्ण झोपत नाही, पण अलिप्त व शांत होतो, हे नौदलाचे शल्यविशारद आंरी लाबोरी यांनी टिपले आणि १९५२ साली सेंत-आन रुग्णालयात झां दले व पिएर दनिके यांनी ते मनोरुग्णांस दिले. भास मावळू लागले, वॉर्डांतला गलका ओसरला. वर्षानुवर्षे न बोललेली माणसे बोलू लागली, आणि रखवालदारीत मुरलेल्या सेवकवर्गावर आता बोलण्याची पाळी आली. परिचारिकेचे काम बदलले. अवयव ताठरतात का, हात थरथरतात का, लाळ गळते का, डोळे वर चढतात का हे प्रथम तिलाच दिसे. उन्हात त्वचा भाजते म्हणून टोपी घालायला तीच सांगे. हे औषध हाताळून कित्येक परिचारिकांच्याच हातांवर पुरळ उठले, ही नोंदही वैद्यकीय साहित्यात आहे.

आपल्याकडील सर्पगंधेचा उल्लेख येथे करणे न्याय्य ठरेल. बिहारात ‘पागल की दवा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या या मुळीविषयी गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली लिहिले, की ती वेडावर आणि रक्तदाबावर गुणकारी आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील आपले अनुभव ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे जगाचे लक्ष वेधले. १९५२ साली बाझेल येथे मुळीतून रेसर्पिन वेगळे झाले आणि १९५४ साली नेथन क्लाइन यांनी न्यूयॉर्कमधील रुग्णांवरील अनुभव मांडला. रक्तदाब फार उतरतो, मन खिन्न होते, म्हणून ते पुढे मागे पडले. तरी ‘मानसिक रोगाला औषध लागू पडते हा पाश्चात्त्यांचा शोध’ असे म्हणणाऱ्यांनी त्या मुळीची आठवण ठेवावी.

औषधे निर्दोष आहेत असे आमचे म्हणणे नाही. क्लोझापिन पाहा. १९७५ साली फिनलंडमध्ये रक्तातील पांढऱ्या पेशी नष्ट होऊन त्यावरील काही रुग्ण दगावले आणि ते अनेक देशांत मागे घेतले गेले. पण इतर औषधांनी न सावरणाऱ्या रुग्णांवर १९८८ साली अमेरिकेत चाचणी झाली, तेव्हा सहा आठवड्यांत क्लोझापिनने सुमारे ३० टक्के सुधारले, क्लोरप्रोमाझिनने अवघे ४ टक्के. मग नियमित रक्ततपासणीच्या अटीवर ते परत आले. ही तपासणी चुकवू नये म्हणून घरच्यांच्या मागे लागणारी व्यक्ती बहुतेक ठिकाणी परिचारिकाच असते.

औषध बंद केल्यास काय होते, याचेही उत्तर आता उपलब्ध आहे. २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये ६५ चाचण्यांतील सुमारे ६,५०० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला. वर्षभरात औषध चालू असलेल्यांपैकी २७ टक्क्यांचा आजार उलटला, बंद केलेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा. प्रार्थनामेळाव्याहून परतताना गोळ्या फेकणाऱ्यांनी हे दोन आकडे एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. मात्र रुग्ण गोळी का टाळतो हेही विचारले पाहिजे. कधी तो स्वतःला आजारी मानतच नाही. कधी त्याला वजन वाढल्याची लाज वाटते, कधी अंगात जडपणा येतो, आणि त्याचे ऐकून घेणारे कोणी नसते. गोळी जिभेखाली लपवणाऱ्याशी भांडून उपयोग नसतो. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात काही आठवडे पुरणारी इंजेक्शने आली आणि ब्रिटनमध्ये ती देण्याच्या निमित्ताने परिचारिका घरोघर जाऊ लागल्या. त्याची सुरुवात १९५४ सालीच क्रॉयडनजवळच्या वॉर्लिंगहॅम पार्क रुग्णालयाने दोन परिचारिकांना बाहेर धाडून केली होती. सुई टोचायला क्षणभर लागतो; झोप कशी लागते, आवाज परत येतात का, आई थकली आहे का, हे विचारायला वेळ लागतो.

धर्मस्थळी काय होऊ शकते हेही आपल्या देशाने पाहिले आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका आश्रयगृहास ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ रुग्ण जळून मेले. आपण ख्रिस्ती लोकांनी ही दुसऱ्या धर्माची गोष्ट म्हणून हात झटकू नयेत. आजारी माणसाला बांधून ठेवणारी खोली कोणत्याही धर्माच्या घरात असू शकते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णास साखळी घालण्यास मनाई केली आहे.

याच देशात दुसरेही घडले. पन्नासच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात खाटा आणि सेवक अपुरे होते. प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या कुटुंबीयांना तेथेच राहण्यास बोलावले. आई मुलाजवळ राही, त्याला भरवी, आणि हा विकार म्हणजे काय, औषध कसे द्यावे, घरी गेल्यावर काय सांभाळावे हे डॉक्टरांच्या तोंडून ऐके. घरच्यांचा धीर परतला, रुग्ण लवकर घरी जाऊ लागले आणि त्यांना परत टाकून जाणारे कमी झाले. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आपल्या मानसिक आरोग्य केंद्रात हीच रीत स्वीकारली : तेथे रुग्ण एकटा दाखल होत नाही, घरचे एक माणूस त्याच्या सोबत राहते.