भिंतीवांचून तुरुंग

तुरुंगांतील झुंज हा बोलपट काढणारांचा आवडता विषय आहे. २००२ सालीं वॉल्टर हिल या अमेरिकन दिग्दर्शकानें काढलेल्या 'अनडिस्प्यूटेड' या चित्रांत दोन मुष्टियोद्धे एकाच तुरुंगांत येऊन पडतात. एक बाहेरच्या जगांतील विजेता, दुसरा तुरुंगांतला अजिंक्य. दोघांत श्रेष्ठ कोण, याचा निकाल अखेर ठोशानेंच लागतो. अशा चित्रांत कैद्याच्या हाताची किंमत त्याच्या प्रहारावरून ठरते. त्याच हातांचा निराळा हिशेब व्ही. शांताराम यांनीं १९५७ सालींच 'दो आँखें बारह हाथ' या बोलपटांत मांडला होता.

त्यांतील आदिनाथ नांवाचा तुरुंगाधिकारी सहा खुनी कैद्यांना भिंतीबाहेर काढून एका ओसाड माळावर नेतो आणि तेथें त्यांच्याकडून शेत पिकवून घेतो. पहारा काय तो त्याच्या नजरेचा. माळावर भाजी पिकते, कैदी ती बाजारांत स्वस्त विकतात, आणि धंदा बुडूं लागलेला व्यापारी त्यांच्यावर गुंड घालतो. सहाही जण दांडगे. पण हात उचलणार नाहीं, असें वचन त्यांनीं दिलेलें असतें. ते मार खातात, परंतु वचन मोडीत नाहींत. ठोसा मारण्यापेक्षां तो आवरण्यास अधिक बळ लागतें, हें या एका प्रसंगांत जितकें पटतें तितकें शंभर व्याख्यानांनीं पटणार नाहीं. शेवटीं शेतावर सोडलेल्या बैलांशीं झुंजतांना आदिनाथ प्राणास मुकतो. ही भूमिका स्वतः शांतारामांनीं केली होती, आणि चित्रीकरणाच्या वेळीं बैलाशीं झालेल्या झटापटींत त्यांच्या डोळ्याला गंभीर दुखापत झाली. चित्राला राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळालें, आणि १९५८ सालीं बर्लिनच्या महोत्सवांतहि त्याचा गौरव झाला.

परंतु ही कथा केवळ कविकल्पना नव्हे. कथाकार ग. दि. माडगूळकर हे आटपाडीकडचे, आणि तो मुलूख औंध संस्थानांत मोडत असे. पुण्याहून चिंचवडकडे जातांना जें औंध लागतें, त्याच्याशीं श्रोत्यांनीं याची गल्लत करूं नये. संस्थानाची राजधानी तें औंध सातारा जिल्ह्यांत आहे. ७२ गांवांचें हें लहानसें राज्य. त्याचे अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते म्हणून महाराष्ट्रास ठाऊक आहेत. १९३९ सालीं त्यांनीं महात्मा गांधींच्या सल्ल्यानें राज्यकारभार प्रजेच्या हातीं सोंपविला. त्याच सुमारास पोलंडमध्यें जन्मलेल्या व भारतानंद हें नांव घेतलेल्या मॉरिस फ्रिडमन या इंजिनियराच्या प्रेरणेनें आटपाडीजवळ कैद्यांची एक वसाहत उभी राहिली. तिचें नांव स्वतंत्रपूर. तिला तट नव्हता. कैद्यांनीं आपल्या बायकामुलांसह तेथें राहावें आणि शेती करावी, अशी ती योजना होती.

औंधास ही दृष्टि अगदींच नवी नव्हती. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं याच संस्थानांतील माळावर किर्लोस्करवाडी वसविली, तेव्हां शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनीं पहाऱ्यावर नेमलें होतें. ज्यांच्यापासून चोरीचें भय, त्यांच्याच हातीं कारखान्याची राखण!

बोलपट आणि इतिहास यांत मात्र एक मोठें अंतर आहे. चित्रांत सर्व भार एका सत्पुरुषाच्या दोन डोळ्यांवर आहे. तो गेल्यावर त्याची आठवणच कैद्यांना धरून ठेवते. प्रत्यक्षांत १९४८ सालीं औंध संस्थान विलीन झालें, १९५१ सालीं राजेसाहेब वारले, पुढें फ्रिडमनहि गेले. तरी स्वतंत्रपूर मोडलें नाहीं. आज सांगली जिल्ह्यांत तें शासनाची खुली वसाहत म्हणून चालू आहे. याचें कारण असें कीं, तेथील विश्वास केवळ नजरेवर टांगलेला नव्हता. त्याला जमिनीचा, कामाचा आणि कुटुंबाचा आधार होता. ज्याचें पीक शेतांत उभें आहे आणि ज्याचीं मुलें दारांत खेळत आहेत, त्याला पळून जावयाचें तर पुष्कळच मागें टाकून जावें लागतें. मुष्टियुद्धांत एकाचा जय झाला कीं दुसऱ्याचा पराजय ठरलेलाच. आटपाडीच्या माळावर सरकारनें कैद्यावर विश्वास टाकला आणि कैद्यानें तो राखला, त्यांत हरलें कोणीच नाहीं.