कौटुंबिक उपासना, मराठी ख्रिस्ती

मराठी ख्रिस्ती घरांतील बायबलवाचन, गीते व प्रार्थना यांची नित्य उपासना. महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट कुटुंबांत ती एकोणिसाव्या शतकातील मिशनकार्यातून रुजली. तिला देशी सूर दिला तो प्रामुख्याने कवी ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) : अभंग, भजन व कीर्तन या वारकरी परंपरेतील रूपांतून त्यांनी ख्रिस्तभक्ती मांडली (पहा : टिळक, नारायण वामन). झांज, पेटी व तबल्याच्या साथीने अशी गीते घरी आणि चर्चमध्ये गातात. जेवणापूर्वी, निजताना व आजारपणात उत्स्फूर्त प्रार्थना होते. आजारपणातील या प्रार्थनेला काही मंडळींत रुग्णसेवेचीही जोड मिळाली : उदा., वाशीम येथे नाझरीन या प्रॉटेस्टंट मंडळीने १९३८ मध्ये डॉ. ओर्फा स्पायकर यांच्या पुढाकाराने रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय सुरू केले. वेस्लीप्रणीत पावित्र्याची शिकवण मानणाऱ्या या मंडळीत रुग्णसेवा भक्तीचाच भाग ठरते (पहा : मेथडिस्ट पंथ).