थेंबावर लागणारं टायमिंग

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबामुळे तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा शिरला की तो आपोआप पेट घेतो. त्यामुळे फवारा नेमका कधी शिरतो, याला फार महत्त्व. १८९७ साली आउग्सबुर्गमध्ये रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन चाचणीत यशस्वी झालं, तेव्हा ही वेळ पंप ठरवत नव्हता. कॉम्प्रेसरची हवा इंधन आत फुंकायची आणि कॅमवर उघडणारी सुई वेळ साधायची. कारखान्यात, जहाजावर हे निभलं. पण असा कॉम्प्रेसर ट्रकवर लादणार कसा?

हवेशिवाय, नुसत्या दाबाने इंधन मारण्याचे प्रयोग अनेकांनी केले. १९२२ साली रॉबर्ट बॉश यांनी असा पंप बनवायचं ठरवलं आणि १९२७ साली तो कारखान्यातून नियमित बाहेर पडू लागला. हे पाहायला डिझेल नव्हते; त्यांचा मृत्यू १९१३ मध्येच झाला होता.

या पंपात बॅरलमध्ये प्लंजर वर-खाली होतो. वर जाताना त्याची कड बॅरलचं छिद्र झाकते आणि तिथून दाब चढतो. प्लंजरच्या अंगावरची तिरकी खाच छिद्रासमोर आली की दाब सुटतो. प्लंजर फिरवला की खाच लवकर किंवा उशिरा पोचते आणि डिझेल कमी-जास्त होतं. सुरुवात मात्र वरच्या सरळ कडेवर ठरते, म्हणून ती हलत नाही.

मेकॅनिक पकडतो ती हीच कड. डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि त्याची स्प्रिंग काढून पंपावर वाकडी नळी बसवायची, प्लंजर फिरवणारा रॅक पूर्ण डिझेलवर ठेवायचा आणि फ्लायव्हील चालीच्या दिशेने हळूहळू फिरवायचं. धार बारीक होत थेंबांवर येते. थेंब थांबला, म्हणजे छिद्र झाकलं गेलं. फ्लायव्हीलवरची खूण त्याच वेळी काट्यासमोर यायला हवी. चाक पुढे गेलं तर उलट फिरवून खूण जुळवायची नाही, कारण गिअरमधली ढील फसवते; बरंच मागे नेऊन पुन्हा पुढे आणायचं.

किर्लोस्करच्या एव्ही-१ या एक सिलिंडरच्या इंजिनाला पिस्टन माथ्यावर पोचण्याआधी ठरावीक अंशांवर इंजेक्शन लागतं. मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर एक अंश म्हणजे सेकंदाचा नऊ हजारावा भाग! अशा इंजिनात पंपाखालचे शिम, म्हणजे पातळ पत्रे, वाढवले की टायमिंग मागे जातं, काढले की पुढे येतं. फार पुढे असेल तर इंजिन ठोके देतं. मागे असेल तर धूर निघतो, ताकद कमी पडते, सायलेन्सर तापतो.

पण डिझेलचा फवारा मारणारं नॉझल थेंब टपकवत असेल, तर तेही तसाच धूर काढतं. म्हणून जाणता माणूस शिमला हात लावण्याआधी नॉझल तपासतो, डिझेलच्या लाइनमधली हवा काढतो.

पुढे रोटरी पंप आले आणि थेंबांऐवजी डायल गेजवर प्लंजरची उचल मोजली जाऊ लागली. १९९७ साली अल्फा रोमियो १५६ मधून कॉमन रेल मोटारीत आलं. तिथे पंप फक्त दाब तयार ठेवतो. इंजेक्टर कधी उघडायचा, ते संगणक ठरवतो.